समुद्रात वल्हवायचंय, पण राहतो पुण्यात

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकात किनाऱ्यावरच्या सामूहिक वल्हवणीची ओळख करून दिली होती. क्लबच्या मालकीची एक दणकट लाकडी बोट, चौघांच्या हातात प्रत्येकी एक वल्हं, मागे सुकाणू धरून हुकूम देणारा कॉक्स, आणि वय न विचारता आळीपाळीने सगळ्यांना जागा, असा हा प्रकार. स्कॉटलंडमध्ये २०१० च्या सुमारास गावोगावच्या लोकांनी सेंट आयल्स स्किफ नावाची बावीस फुटी बोट स्वतः बांधून तो रुजवला. त्यावर पुणे-पिंपरीतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं प्रशिक्षक आणि बोटबांधणीतल्या मंडळींनी मिळून दिली आहेत.

वय ५४. रोज टेकडी चढतो, गुडघे ठीक आहेत. पोहणं शाळेत असताना शिकलो, त्यानंतर पाण्यात उतरलेलो नाही. मला जमेल का? – एक वाचक, कोथरूड

वल्हवणं जमेल. आधी पोहण्याचं बघा. जवळच्या तलावात महिनाभर जा आणि टी-शर्ट-हाफपँट घालून ५० मीटर न थांबता पोहता येतं का, त्यानंतर पाच मिनिटं तरंगत राहता येतं का, हे तपासा. वेग महत्त्वाचा नाही. अचानक तोंडावर पाणी आलं तरी श्वास बिघडू न देणं महत्त्वाचं, आणि ते घरी बसून कळत नाही.

लाइफ जॅकेट मात्र उत्तम पोहणाऱ्यानेही घालायचंच. वल्हवणारे बहुधा ५० न्यूटन तरंगशक्तीचं, बगलेत मोठी मोकळीक असलेलं फोमचं जॅकेट वापरतात, कारण त्यात हात अडत नाहीत. पण बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवण्याची हमी ते देत नाही. कच्चं पोहणाऱ्याने १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं घ्यावं, थोडं अडलं तरी चालेल. मापाची परीक्षा सोपी आहे: सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्यांपाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर गेलं तर पाण्यातही जाणार. पर्यटकांच्या बोटींवर मिळणारी, मांड्यांमधला पट्टा नसलेली नारिंगी जॅकेटं या परीक्षेत बहुतेक नापास होतात.

कॉलेजात असताना नदीवर रेगाटासाठी, म्हणजे शर्यतीसाठी वल्हवलंय, आजही जिममध्ये एर्गोवर (वल्हवण्याच्या व्यायामयंत्रावर) बसतो. समुद्राच्या बोटीत वेगळं काय असतं? – एक वाचक, औंध

बसण्यापासूनच फरक. तुम्हाला सरकत्या सीटची सवय आहे. सामूहिक वल्हवणीच्या या लाकडी बोटींत फळी पक्की असते. पाय लांब करून मागे सरकणं नाही, त्यामुळे स्ट्रोक आखूड आणि जोर कमरेतून पुढे झुकून मागे रेलण्याचा. पायांचं काम संपत नाही. पायटेकूवर दाब दिला नाही, तर सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर येतो. गुडघे किंचित वाकलेले राहतील इतपत पायटेकू जवळ घ्या. एर्गोवाले लोक तो नेमका लांब ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरून बसतात.

दुसरा फरक पाण्याचा. नदीत पातं पाण्याला घासून परत नेलं तरी खपतं. लाटेत ते निदान वीतभर वर उचलावं लागतं, नाहीतर लाटेचा माथा पात्याला लागतो आणि क्रॅब होतो. क्रॅब म्हणजे पातं तिरकं होऊन खोल जातं, पाणी ते मागे ढकलतं आणि मूठ छातीवर येते. अशा वेळी झटापट करू नका. मागे रेला, मूठ डोक्यावरून जाऊ द्या. कॉक्सने लगेच ‘ईझी’, म्हणजे वल्हवणं थांबवा, म्हणायचं. बोटीचा वेग गेला की मूठ खाली दाबली तरी पातं वर येतं.

आणि एर्गोवरचा आकडा क्लबात पहिल्या दिवशी सांगू नका. चौघांत सर्वांत ताकदवान माणूस पाव सेकंद आधी ओढत असेल, तर बोट सरळ जात नाही आणि मागच्या तिघांची लय मोडते. नजर आपल्या पात्यावर नको, पुढच्या माणसाच्या पाठीवर हवी. मिनिटाला २४-२६ स्ट्रोक एकसाथ पडले, तर ३२ विस्कळीत स्ट्रोकांपेक्षा बोट पुढे राहते.

ऑलिंपिकमध्ये समुद्रातली वल्हवणी येणार असं वाचलं. ती हीच का? – एक विद्यार्थिनी, दापोडी

नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ‘बीच स्प्रिंट’ आहे: वाळूवरून धावत बोट गाठायची, बोयांमधून (पाण्यावर तरंगत्या खुणांमधून) नागमोडी २५० मीटर आत, वळसा, २५० मीटर सरळ परत, पुन्हा धावत शेवट. बोटी फायबरच्या, सरकत्या सीटच्या आणि मागून उघड्या, म्हणजे आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. एकट्याची बोट जास्तीत जास्त ६ मीटर लांब आणि निदान ३५ किलो वजनाची. तुमच्या दापोडीतच सैन्याचं रोइंग केंद्र आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरलेले चांदवड तालुक्यातले दत्तू भोकनळ पुण्यातच सैन्यात तयार झाले. स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर तोच रस्ता धरा. सामूहिक वल्हवणी ही त्याची पहिली इयत्ता नव्हे.

आमच्या गटाने मिळून लाकडी बोट बांधायचं ठरवलंय. इपॉक्सी आणि प्लायवुडबद्दल नीट सांगाल का? एका ओळखीच्याने फायबरचं रेझीन स्वस्त पडेल असं सुचवलंय. – बाराजणांचा गट, सिंहगड रस्ता

ओळखीच्याचं ऐकू नका. कोकणात फायबरच्या होड्यांना लागतं ते पॉलिएस्टर रेझीन. ते फायबरला ठीक, पण लाकडाला धरून राहत नाही. लाकूड ओलाव्याने फुगतं-आकसतं, आणि दोनेक पावसाळ्यांत थर पापुद्र्यासारखा सुटतो. लाकडी बोटीला इपॉक्सीच, म्हणजे रेझीन आणि ते घट्ट करणारा हार्डनर असे दोन द्रव मिसळून द्यायचा लेप.

या दोघांच्या सवयी उलट्या आहेत, आणि चूक तिथेच होते. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा जास्त टाकला की ते लवकर घट्ट होतं. इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा-पाव घटकच असतो. जास्त टाकला तर थर लवकर वाळत नाही, कायमचा मऊ राहतो. प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या आणि ते वजनावर आहे की मापावर, हे आधी वाचा. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्यामुळे एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावलं की संपूर्ण थर खरवडून काढायची वेळ येते. साधा डिजिटल काटा घ्या, गृहिणींच्या स्वयंपाकघरातला पुरतो.

पुण्याच्या हवेत दोन अडचणी. एप्रिल-मेमध्ये तापमान दहा अंशांनी वाढलं की मिश्रण हातात टिकण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांना २० मिनिटं लिहिली असतील, तर ३५ अंशांना १० धरा. त्यातही मिश्रण उभ्या ग्लासात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर येतो, ग्लास वितळतो. एका वेळी १५०-२०० ग्रॅमच मिसळा आणि लगेच उथळ ट्रेमध्ये ओता. दुसरी अडचण जून ते सप्टेंबर. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट तेलकट तवंग येतो, त्यावर पुढचा थर बसत नाही. तो पाण्याने आणि भांडी घासायच्या घासणीने धुवायचा. आधी सँडपेपर मारला तर तो चोळून आत बसतो. म्हणून बांधणी दसऱ्यानंतर सुरू करा आणि फेब्रुवारीअखेर थर संपवा.

फळ्यांच्या सांध्यात आणि कोपऱ्यांत भरायला इपॉक्सीत लाकडाचं अगदी बारीक पीठ आणि थोडी सिलिका पावडर मिसळतात. मिश्रण चमच्यातून ओघळू नये, चक्क्याइतकं घट्ट हवं. आधी त्या जागी नुसतं पातळ इपॉक्सी ब्रशने लावा. कोरडं लाकूड घट्ट मिश्रणातलं इपॉक्सी शोषून घेतं आणि सांधा आतून उपाशी राहतो. वरून तो छान दिसतो, पहिल्याच लाटेत करकरतो.

प्लायवुड आयएस ७१० (सागरी प्लायवुडचं भारतीय मानक) शिक्क्याचंच मागा. ‘बीडब्ल्यूपी’, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, असं तोंडी सांगून कुणी काहीही देतं. विकत घेण्याआधी एक पट्टी कापून तासभर उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटला तर दुकान बदला. जाडी आराखड्यात दिली असेल तीच घ्या. ‘जरा भारी घेऊ’ म्हणून जाड प्लाय घेतलं तर ते वळणावर बसत नाही, तडकतं, आणि बोट जड होते ती वेगळीच. कापलेल्या कडांवर मात्र इपॉक्सीचे तीन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं.

जाता जाता: बोट सोसायटीच्या आवारात ठेवणार असाल, तर जमिनीला टेकवू नका. सिमेंटच्या ठोकळ्यांवर उलटी ठेवा आणि खालून वारा फिरू द्या. पुण्यात वाळवी लाकडी बोटीपर्यंत पोहोचायला एक पावसाळा पुरतो.

वल्ह्याने तळहाताला फोड येतात. आणि आमची वल्ही जड वाटतात, एकजण म्हणतो ती लांब आहेत. लांबी कशी ठरवायची? – एक वाचक, वारजे

फोड दोन कारणांनी. एक, मूठ आवळून धरणं. वल्हं बोटांच्या मुळांवर टेकलं पाहिजे, अंगठा फक्त साथीला. दोन, मुठीला लावलेलं व्हार्निश. ओल्या हातात ते निसटतं, म्हणून माणूस अजून आवळतो. मुठीचं व्हार्निश खरवडून लाकूड उघडं ठेवा आणि १२० नंबरचा सँडपेपर मारा. सायकलचे हातमोजे घालायला हरकत नाही, पण त्यात घडी पडली तर फोड तिथेच येतो.

लांबीसाठी, एकट्याने दोन वल्ही चालवायच्या छोट्या होडीत जुना हिशेब असा: दोन रोलॉकमधलं (वल्हं ज्यात टेकतं त्या काठावरच्या खोबणींमधलं) अंतर मोजा, त्याच्या निम्म्यात दोन इंच मिळवा. ही आतली बाजू. तिला ७ ने भागून २५ ने गुणलं की वल्ह्याची पूर्ण लांबी. अंतर ४८ इंच असेल तर आतली बाजू २६ आणि वल्हं जवळजवळ ९३ इंच. म्हणजे आत ७ भाग, बाहेर १८. चौघांच्या बोटीत प्रत्येकाकडे एकच वल्हं, ते विरुद्ध काठाच्या बाजूला बसून ओढायचं, त्यामुळे आतली बाजू लांब होते आणि वल्हंही. पण प्रमाण साधारण तेच, १ ला २.५. ते १ ला ३ च्या पुढे गेलं की प्रत्येक स्ट्रोक जड लागतो.

वजनाचं म्हणाल तर तराजूपेक्षा तोल बघा. वल्हं रोलॉकमध्ये ठेवून मूठ सोडली आणि पातं दाणकन खाली गेलं, तर तुम्ही तासभर हाताने ते वर धरताय. मुठीजवळ शिशाची पट्टी बांधून तोल साधा, पातं थोडंसंच जड राहू द्या. रोलॉकला घासणाऱ्या भागावर चामडं असेल तर एरंडेल किंवा व्हॅसलीन लावा, ग्रीस नको. त्यात वाळू बसते आणि दोन आठवड्यांत चामडं खाते.

सराव नदीवर करावा की खडकवासल्याला? – बरेच वाचक

मुळा-मुठेत उन्हाळ्याकडे जलपर्णी माजते, सुकाणू त्यात अडकतं. पाणी सांडपाण्याचं, म्हणून हाता-पायाला जखम असेल तर उतरू नका आणि नंतर साबणाने हात-पाय धुवा. पावसाळ्यात नदी बंदच. शहरात ऊन पडलेलं असतानाही वर पानशेत-वरसगावच्या बाजूला पाऊस झाला की खडकवासल्यातून विसर्ग वाढतो. भिडे पूल पाण्याखाली जायची वाट बघू नका, विसर्गाची सूचना आली की बोट पाण्याबाहेर काढा. धरणात जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय बोट घालता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, पुण्याच्या पिण्याचं पाणी आहे ते. परवानगी असेल तर सकाळी आठच्या आत उतरा. दुपारी मोकळ्या पाण्यावर वारा वाढतो. लाटांचे माथे पांढरे होऊ लागले म्हणजे वारा ताशी १५ किलोमीटरच्या पुढे गेलाय. नवशिक्यांनी तेव्हा परतावं.

कोकणात जाऊन समुद्रात उतरायचं तर दिवस आणि वेळ कशी ठरवायची? – एक वाचक, सहकारनगर

आपल्या किनाऱ्यावर कोळी वापरतात तो ठोकताळा उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा तसंच मोजायचं. सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे बेत यावर करा पण पाण्यात उतरायची वेळ छापील भरतीच्या तक्त्यावरून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, पाणी चढतं-उतरतं जास्त, ओढ जोराची. अष्टमीनंतर भांगाची भरती, ओढ कमी. म्हणून नवशिक्यांच्या गटासाठी आमचं मत: शनिवार-रविवारी नवमी ते एकादशी येत असेल तो आठवडा धरा. भरती पावणेसात ते सव्वाआठला, ओढ सौम्य, आणि सकाळचा मतलई वारा जमिनीकडून हलका. मात्र तोच वारा बोट आत समुद्राकडे नेतो हे लक्षात ठेवा आणि किनाऱ्यालगतच राहा. फेब्रुवारी ते मेमध्ये अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, तोवर परत यायला हवं.

पाणी एका लयीत चढत नाही. सहा तासांत फरक ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या-चौथ्यात ९०-९०, पाचव्यात ६०, सहाव्यात ३०. खाडीच्या तोंडाशी ओढ सर्वांत जोरात मधल्या दोन तासांत. ओहोटीचं पाणी बाहेर जातंय आणि समोरून वारा येतोय, अशा वेळी खाडीच्या मुखावर लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात. तिथे अनुभवी मंडळीही थांबतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कोळी घरी बसलेले असताना तुमची बोट पाण्यात कशाला? गणपती होईपर्यंत एर्गो ओढा. आणि कुठेही उतरण्याआधी स्थानिक बंदर कार्यालयात सांगून ठेवा.

कॉक्सने काय काय सांभाळायचं? आणि बोट पाण्याने भरली तर? – एक शिक्षिका, हडपसर

हुकूम कुठल्याही भाषेत द्या, पण छोटे, आणि अंमल कधी करायचा हे ठरलेलं असू द्या: पातं पाण्यात असताना हुकूम, पुढच्या स्ट्रोकला अंमल. ‘ईझी’ आणि ‘होल्ड वॉटर’ हे दोन शब्द किनाऱ्यावरच घोकून घ्या. पहिल्याने वल्हवणं थांबतं, दुसऱ्याने बोट थांबते.

कॉक्सची खरी परीक्षा किनाऱ्याला लागताना. मागून लाट येऊन बोटीचा मागचा भाग उचलते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली जाते आणि बोट आडवी फिरू पाहते. वेग लाटेइतका झाला की सुकाणूवर पाणी सरकत नाही, म्हणून सुकाणू ऐकत नाही. तेव्हा लाट मागून येताना ‘होल्ड’, ती पुढे निघून गेली की दोन-तीन जोरदार स्ट्रोक, पुन्हा ‘होल्ड’. लाटा गुडघ्याच्या वर फुटत असतील तर वाळूला लागायचा हट्ट सोडा, खाडीत बंदरात जा. आणि बोट आडवी झालीच तर बोट आणि किनारा यांच्या मधे कुणीही उभं राहायचं नाही, सगळे समुद्राच्या बाजूला.

का, ते हिशेबानेच कळेल. बावीस फुटी बोटीचा तळ सरासरी पाच चौरस मीटर धरला, तर आत आलेलं दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे पाचशे किलो. तेवढं वजन लाटेने पायांवर आलं की हाड राहत नाही. म्हणूनच दोन्ही टोकांच्या हवाबंद कप्प्यांची झाकणं निघण्याआधी तपासा आणि प्रत्येकी दहा लिटरच्या दोन बादल्या दोरीने बांधून ठेवा. मगने पाणी उपसत बसू नका. उलटलेल्या बोटीला सगळ्यांनी धरून राहायचं, पोहत किनारा गाठायला कुणीही सुटायचं नाही. पाण्यातल्या माणसाला मागच्या बाजूने आत घ्या, काठावरून ओढलं तर बोट पुन्हा उलटते.

ताम्हिणीमार्गे ट्रेलरवर बोट नेणार आहोत. काय बघावं? – तोच सिंहगड रस्त्याचा गट

ट्रेलरची नोंदणी आणि दिवे आधी बघा. हुकवर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हवा. कमी असेल तर घाटात ट्रेलर शेपटासारखा हलतो. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्यात तो फडफडून बोटीचा रंग खातो. काठाखाली जुन्या गालिच्याचा तुकडा ठेवा आणि पहिल्या वीस किलोमीटरला थांबून पट्टे पुन्हा आवळा. उतरताना खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

माणगावला पोहोचेपर्यंत चाकांचे हब तापलेले असतात. तसाच ट्रेलर धक्क्यावरून खाऱ्या पाण्यात घातला, तर आतली तापलेली हवा झटकन आकसते, सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि परतीच्या वाटेवर बेअरिंग गंजायला लागतं. हबला हात लावून तो कोमट होईपर्यंत, निदान अर्धा तास, चहा घ्या. शक्य असेल तर हब पाण्यात न बुडवता बोट हातानेच उतरवा. पुण्यात परतल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने धुवा, आणि हब बुडाला असेल तर त्याच आठवड्यात उघडून ग्रीस बदला.